प्रोस्टेटचा डिफ्युजन एमआरआय: साधा एडीसी, कर्टोसिस की व्हर्डिक्ट?

डिफ्युजन एमआरआय ऊतींमधलं पाणी किती मोकळेपणी हलतं ते मोजतो. ३ टेस्लाच्या मशीनवर त्याचा प्रोटोकॉल बसवण्याआधी एक गोष्ट ठरवा: गाठ शोधायची आहे, की तिच्यातल्या पेशींचा अंदाज घ्यायचा आहे?

शोधायला एडीसी, म्हणजे पाण्याच्या त्या हालचालीचा एकच आकडा, पुरतो. पाय-रॅड्स २.१ (प्रोस्टेट एमआरआयची नियमावली) नुसार बी-व्हॅल्यू (प्रतिमा डिफ्युजनला किती संवेदनशील, त्याचा आकडा) एक ५०-१०० ची, एक ८००-१००० ची, शिवाय १४०० किंवा त्यावरची वेगळी प्रतिमा. ही वरची प्रतिमा एडीसीच्या गणितात घेऊ नका. १००० नंतर सिग्नल साध्या घातांकी वक्राने उतरत नाही आणि एडीसी खोटा कमी येतो. एडीसीची खरी मर्यादा वेगळीच आहे. पेशी दाटल्या, ग्रंथींच्या पोकळ्या बुजल्या किंवा बायोप्सीनंतर रक्त साकळलं, तरी आकडा खालीच जातो.

कर्टोसिससाठी, म्हणजे सिग्नल साध्या घातांकी वक्रापासून किती ढळतो ते मोजण्यासाठी, बी २००० पर्यंत न्यावा लागतो. तिथे सिग्नल नॉइजच्या पातळीला टेकला की वक्र सपाट होतो आणि कर्टोसिस फुगतो. पेशींचा आकार त्यातून कळत नाही, आणि प्रोस्टेटमध्ये एडीसीपेक्षा फार काही हाती लागत नाही. आमच्या मते हा पर्याय सोडलेला बरा.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये विकसित झालेलं व्हर्डिक्ट हे गणिती मॉडेल सिग्नलचे तीन भाग करतं: पेशींच्या आतला, पेशींबाहेरचा आणि रक्तवाहिन्यांमधला. त्यासाठी लागणाऱ्या बी-व्हॅल्यू: ९०, ५००, १५००, २०००, ३०००. वेळ सुमारे १२ मिनिटं. इथे नुसता बी सांगून भागत नाही. ग्रेडियंट पल्सची (बी ठरवणाऱ्या चुंबकीय झटक्यांची) लांबी आणि दोन पल्समधलं अंतर बदलून एकच बी अनेक प्रकारे मिळतो, आणि पेशीच्या आकाराची माहिती त्या वेळांमध्येच असते. म्हणून प्रत्येक बी-व्हॅल्यूचा टीई (सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) वेगळा ठेवतात, आणि प्रत्येक टीईला स्वतःची बी-शून्य (डिफ्युजनचा परिणाम नसलेली) प्रतिमा लागतेच. ती राहिली तर टी२ मुळे (वेळेनुसार सिग्नल आपोआप विरल्यामुळे) घटलेला सिग्नल डिफ्युजनच्या खाती जमा होतो. मशीन या वेळा दाखवत नसेल, तर फिजिसिस्टकडून त्या मिळेपर्यंत व्हर्डिक्ट सुरू करू नका. मिळणाऱ्या नकाशांपैकी पेशींच्या आतल्या भागाचा नकाशा सर्वात उपयोगी. पेशीच्या त्रिज्येच्या आकड्यावर एकट्याने विसंबू नका.

रोजच्या तपासणीत एडीसीच चालू द्या. एडीसी संशयास्पद आणि बायोप्सी करावी की नाही हे अडलंय, अशा रुग्णांपुरतं व्हर्डिक्ट जोडा. दोन्हींचा घात गुदाशयातला वायू करतो: ईपीआय (डिफ्युजनसाठी वापरली जाणारी वेगवान पद्धत) प्रतिमा मागच्या कडेला, म्हणजे नेमकी पेरिफेरल झोनपाशी (प्रोस्टेटच्या बाहेरच्या भागापाशी), ओढली जाते. म्हणून रुग्णाला टेबलावर घेण्याआधी शौचाला पाठवा, आणि लोकलायझरवर (सुरुवातीच्या झटपट प्रतिमांवर) वायू दिसला तर तो काढल्याशिवाय डिफ्युजन सुरू करू नका.