स्पेक्ट्रम की कमोडोर 64? जुन्या मशीनवर नवं काही करू पाहणाऱ्यांसाठी

दोन्ही 1982 चे घरगुती कॉम्प्युटर आणि दोन्हींवर आजही नवे गेम, नवे डेमो (मशीनची करामत दाखवणारे चित्र-संगीताचे छोटे प्रोग्राम) लिहिले जातात. त्यामुळे "जुनं कशाला?" हा प्रश्न सोडून देतो. मला लोक विचारतात ते वेगळंच, सुरुवात कशावर करावी? मी दोन्हींवर बरेच महिने घालवलेत. सध्या सोलापुरात साखर पेठेत आमच्या घरी दर रविवारी चार-पाच मुलं जमतात, ती मात्र एकाच मशीनवर काम करतात.

ताकदीत कमोडोर सरस, यात वाद नाही. पडद्यावर हलणारे आठ स्प्राइट, म्हणजे मागच्या चित्राला धक्का न लावता सरकणारी छोटी चित्रं, त्याची चिप स्वतः सांभाळते. स्पेक्ट्रमवर साधा चेंडू सरकवायचा तरी आधीचा पुसा, मागचं चित्र पुन्हा भरा, चेंडू नव्या जागी काढा, हे सगळं तुमच्याच कोडनं. आवाजाचं तर बोलायलाच नको. कमोडोरच्या सिड चिपमध्ये तीन स्वतंत्र आवाज, प्रत्येकाचा चढ-उतार वेगळा, वर फिल्टर. तुमचा जीव संगीतात असेल तर पुढचं वाचूही नका, कमोडोरच धरा. 48 के (म्हणजे 48 किलोबाइट मेमरीच्या) स्पेक्ट्रमला फक्त एका बिटाचा बीपर, चालू नाहीतर बंद. तो अतिवेगानं चालू-बंद करून लोक दोन-तीन सूर एकदम वाजल्याचा भास उभा करतात. ते ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो, पण तेवढा वेळ प्रोसेसरला दुसरं फारसं काही करता येत नाही.

मग माझं अडलं कुठे? कमोडोरच्या बेसिकमध्ये, म्हणजे मशीनसोबत येणाऱ्या प्रोग्रामिंगच्या भाषेत. इतकं चित्र, इतका आवाज पोटात असलेलं मशीन, आणि रेघ काढायला आज्ञा नाही, वर्तुळाला नाही, सुराला नाही. चित्राचा मोड चालू करायला मेमरीच्या 53265 क्रमांकाच्या घरात एक बिट, 53272 मध्ये दुसरा. मग आठ हजार बाइट एकेक करून पुसायचे. मग आपला ठिपका कुठल्या बाइटच्या कुठल्या बिटात पडतो त्याचं गणित. या आज्ञा देणारं सायमन्स बेसिकसारखं, मशीनला वेगळं जोडायचं कार्ट्रिज होतं, हे मान्य, पण ते जादाच. मला स्वतःला हे गणित आवडतं. पहिल्या रविवारी मी ते उत्साहानं फळ्यावर मांडलं. वीस मिनिटांनी आठवीतली एक मुलगी म्हणाली, "काका, चित्र कधी काढायचं?"

पुढच्या रविवारी स्पेक्ट्रम लावला. सर्कल 128, 88, 50 (मध्यबिंदूचे दोन आकडे, मग त्रिज्या), एंटर. वर्तुळ हजर. तिनं लगेच 50 चे 100 केले. वर्तुळ पडद्याबाहेर जायला लागलं आणि मशीन म्हणालं, 'इंटिजर आउट ऑफ रेंज', आकडा मर्यादेबाहेर. आकडा कमी-कमी करत पडद्याची उंची तिनंच शोधून काढली, मी काही सांगितलं नाही. माझ्यापुरता निकाल त्या दिवशी लागला.

स्पेक्ट्रमचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे. पडद्यावर 32 बाय 24 चौकटी, प्रत्येक चौकट आठ बाय आठ ठिपक्यांची, आणि एका चौकटीत दोनच रंग. पण सोलापुरात वाढलेल्याला हे परकं वाटू नये. माझे वडील चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढायचे. ग्राफ पेपरवर एकेक घर रंगवायचं, त्यावरून जकार्डच्या, म्हणजे मागाला नक्षी सांगणाऱ्या, पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. कुठे किती रंगांचा धागा चालेल ते माग ठरवायचा, आणि फूल त्या हिशोबात बसवायचं. त्याच मुलीनं स्पेक्ट्रमवर चादरीवरचा मोर काढला. चोच लाल केली की शेजारच्या हिरव्या मानेचा तुकडाही लाल व्हायचा. तिनं वहीत चौकटी आखल्या आणि अख्खा मोर चार ठिपके डावीकडे सरकवला. चोच बरोबर चौकटीच्या रेघेवर सुरू झाली आणि रंगांची सरमिसळ थांबली. कमोडोरवर कदाचित तिला ही अडचण इतकी जाणवली नसती, पण मग असा विचारही झाला नसता, असं मला वाटतं.

पुढे जाणाऱ्याला इथेही वाव भरपूर आहे. जुन्या टीव्हीचा किरण पडदा रंगवत खाली येत असतानाच रंगांचे बाइट बदलले, तर आठ बाय आठची चौकट आठ बाय दोनची होते. 'निर्वाणा' नावाचं इंजिन, म्हणजे आपल्या गेममध्ये वापरता येणारं तयार कोड, हेच करतं. किरणाच्या वेळा साधायच्या युक्त्या कमोडोरवरही आहेत, आणि तिथे चिप मदतीला असते.

खरं मशीन लगेच शोधत बसू नका. डेसिबेल्स कंपनीनं परवान्यानं स्पेक्ट्रम प्लस भारतात आणला होता, त्यामुळे एखाद्या माळ्यावर सापडेलही. पण इतकं जुनं यंत्र आपल्याकडच्या मे महिन्यात तापवण्यापेक्षा आधी एम्युलेटर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, बरा. स्पेक्ट्रमसाठी फ्यूज, कमोडोरसाठी वाइस, दोन्ही फुकट. आठवडाभर दोन्ही चालवून बघा, तुमचं मत माझ्यापेक्षा वेगळं पडू शकतं.

मोराला आता पिसारा उघडायचा-मिटायचा आहे आणि बेसिकचा वेग त्याला पुरत नाही. म्हणून येत्या रविवारपासून आमच्याकडे झेड-80 ची, म्हणजे स्पेक्ट्रमच्या प्रोसेसरची, असेंब्ली (त्याला थेट आज्ञा द्यायची वेगवान भाषा) सुरू होतेय. मुलांना चौकटीची वही आणायला सांगितलं आहे.