बालवाडीतली ‘फ्लेक्सिबल’ बैठक: जून ते जानेवारी, आणि चेनची भानगड

स्नेहसंमेलनाच्या तोंडावर निळी बीन बॅग शिवणीत उसवली आणि थर्माकोलचे दाणे वर्गभर झाले. जानेवारीची कोरडी हवा, त्यामुळे दाणे मुलांच्या केसांना, स्वेटरांना, मावशींच्या पदराला चिकटून बसले. झाडू मारला की उडायचे. शेवटी पंखा बंद करून ओल्या फडक्याने टिपावे लागले. ‘फ्लेक्सिबल’ बैठकीचा, म्हणजे मुलांनी आपल्या सोयीने हवं तिथे, हवं तसं बसायचा सेट कुणी घ्यायच्या विचारात असेल तर आधी हे वाचा.

सेट नेहमीचाच: डुगडुगती स्टुलं, बुटकी टेबलं, फोमच्या गाद्या, बीन बॅगा. आमचा वर्ग भांडुपला चाळीत तळमजल्यावर. सकाळी छोटा शिशू, दुपारी मोठा शिशू, संध्याकाळी त्याच खोलीत दुसऱ्यांची शिकवणी. म्हणजे सगळं रोज उचलून भिंतीला लावायचं.

स्टुलं जूनमध्ये मला निव्वळ पैसे उकळायचा धंदा वाटली होती. बूड गोलसर, बसलं की डुलतं, पहिल्या आठवड्यात मुलांनी ती आडवी करून चाकासारखी फिरवली. पण गणपतीनंतर माझं मत पालटलं. मोठ्या शिशूतला एकजण दोन रेघा मारून दप्तरांकडे पळायचा. तो आता डुलत डुलत अख्खं चित्र रंगवून होईपर्यंत उठत नाही. सगळ्यांना मानवतं असं नाही, दोघी-तिघी सरळ सतरंजीवर जातात, जाऊ देत. एवढंच बघा, की पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि टेबल कोपराच्या उंचीला हवं. स्टुलं एकात एक बसत नाहीत, जागा खातात. तरी पुन्हा घेईन.

गाद्या घेऊ नका. जुलैत कव्हरं वाळत नाहीत, खालून बुरशी धरते.

आता चेन. बीन बॅगची चेन मुलांना उघडता येता कामा नये, म्हणून चांगल्या बॅगेत रनरला ओढायची पट्टीच नसते, मोठ्या माणसाने क्लिप अडकवून उघडायची. २०१४ मध्ये अमेरिकेत सुमारे २२ लाख बीन बॅगा परत मागवल्या होत्या, कारण चेन उघडून आत शिरलेली दोन मुलं गुदमरून गेली. आमच्या पहिल्या बॅगांना पट्टी नव्हती. कंपनीकडे उसवल्याची तक्रार केली तेव्हा आधी उत्तर आलं, ‘मॅडम, हे वापरामुळे झालंय’. फोटो पाठवले, वाद घातला, तेव्हा नवं कव्हर आलं. त्याच्या रनरला बोटभर लांब, पिवळीधमक पट्टी! तीन वर्षांच्या पोराला ओढावीशीच वाटेल अशी. फोन केला तर म्हणे, ‘बाकी कस्टमरना हीच सोयीची वाटते.’ अहो, त्या कस्टमरच्या घरी तीसेक मुलं असतात का?

पट्टी मीच पक्कडीने तोडली. कोपऱ्यावरच्या गादीवाल्याकडून जाड मांजरपाटाची आतली पिशवी शिवून घेतली, तोंड चेनऐवजी दुहेरी टाक्याने बंद. खर्च नव्या कव्हरच्या पावपट. एवढं साधं अस्तर कंपनीला का घालता येत नाही?

शिवाय दाण्यात बहुतेक हवाच असते, मुलांच्या उड्यांनी ते चपटे होतात. दिवाळीपर्यंत दोन बॅगा निम्म्या बसल्या होत्या. नवे दाणे वेगळ्या पैशांनी, आणि ते भरताना पुन्हा तोच पसारा.

माहितीपत्रकात ही बैठक ‘नवी जागतिक संकल्पना’ म्हणून छापली आहे, ते वाचून हसू आलं. मुलांना स्वतः उचलता येईल असं हलकं सामान माँटेसोरीबाईंनी १९०७ मध्येच रोमच्या बालगृहात ठेवलं होतं. ताराबाई मोडकांनी दादरला शिशुविहार काढलं त्यालाही नव्वद वर्षं होत आली. आमच्याकडे सर्वांत जास्त मागणी अजूनही खिडकीजवळच्या जुन्या पाटाला आहे. त्यावरून भांडणं होतात, बीन बॅगवरून नाही.

कंपनी आता बॅगांचे पैसे परत द्यायला तयार आहे, पण पाठवायचं भाडं आमच्याकडून. बॅग वजनाला काहीच नाही, पण टेम्पोवाला जागेचे पैसे घेतो. मी कळवलंय, न्यायला माणूस तुम्ही पाठवा, आणि अस्तराचे पैसेही द्या. उत्तर येईपर्यंत स्टुलांना चार स्टार, बॅगांना एक.