पेट्रोल जनरेटर, दापोलीच्या हवेत अकरा महिने

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या दापोलीकडच्या गावात कित्येक आठवडे लाइट नव्हती. आईचं इन्सुलिन ओल्या वाळूत मडकं पुरून त्यात ठेवलं होतं. जनरेटर घ्यायचा तेव्हाच ठरलं, पण तो आला गेल्या मे महिन्यात, आगोटीच्या म्हणजे पावसाळ्याआधीच्या खरेदीबरोबर. २ केव्हीए क्षमतेचा, दोरी ओढून सुरू करायचा.

फ्रिज, तीन पंखे, दिवे सहज चालतात. विहिरीवरचा १ एचपीचा पंप मात्र उचलत नाही. ७४६ वॉट धरून मी हिशोब केला. सुरू होताना मोटर त्याच्या कितीतरी पट करंट खेचते हे लक्षातच घेतलं नव्हतं. पंप लावायचा असेल तर मोठाच घ्या.

पावसाळाभर तक्रार नव्हती. दिवाळीनंतर मशीन तसंच पडून राहिलं आणि फेब्रुवारीत दिवसभर लाइट गेली तेव्हा दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, इंजिन काही धरेना. मेकॅनिकने कार्बोरेटरची (इथे पेट्रोल हवेत मिसळतं) वाटी सोडवून पेट्रोल काचेच्या ग्लासात ओतलं. तळाशी वेगळा थर, वाटीला आतून हिरवट चिकट साका, पेट्रोल आत सोडणाऱ्या जेटचं बारीक भोक बुजलेलं. त्याने वायरची एक बारीक तार घालून ते मोकळं केलं. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पाणी वाढलं की त्याच्यासकट तळाशी बसतं. आमच्या खाऱ्या, दमट हवेत तर विचारूच नका. मशीन चालून नाही, पडून खराब होतं, हे मला तेव्हा कळलं.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी फ्रिजचा लोड देऊन वीस मिनिटं चालवतो. मग पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडू देतो, म्हणजे वाटी रिकामी होते. चाललेले तास कालनिर्णयवर लिहितो. पहिलं ऑइल २० तासांनी बदललं. काळंभोर निघालं आणि उन्हात धरल्यावर त्यात धातूचा बारीक चुरा चमकत होता. हा बदल चुकवू नका. हवेच्या फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, सुकवून, दोन थेंब ऑइल चोळून बसवायचा.

मशीन पडवीतसुद्धा चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. आणि चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी बाहेरची लाइट किंवा जनरेटर यातलं एकच घराला जोडणारा स्विच, लावल्याशिवाय घराच्या वायरिंगला जोडू नका. दोन्हीकडे पिन असलेली वायर सॉकेटात खुपसणारे मी पाहिलेत. ती वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढते आणि खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतते.

आवाज मोठा आहे, शेजारी लहान बाळ आहे, म्हणून रात्री दहाला बंद करतो. दार उघडलं नाही तर फ्रिज चारेक तास थंडावा धरतो. पुढे गरज पडली तर पहाटे पुन्हा तासभर. गेल्या पावसात आईचं इन्सुलिन एकदाही मडक्यात गेलं नाही.