ऑडिओबुकची सेवा उत्तम, पण सदस्यत्व बंद करताना आलेला अनुभव

दृष्टी अधू होऊन वाचन सुटले तेव्हा माझ्या वडिलांनी या ऑडिओबुक सेवेचे मासिक सदस्यत्व घेतले आणि शेवटची दोन वर्षे ती मनापासून वापरली. सेवेच्या दर्जाबद्दल माझी तक्रार नाही. आवाज स्वच्छ आहेत, उच्चार नेटके आहेत आणि ऐकणे जिथे थांबवले तिथूनच पुस्तक पुन्हा सुरू होते. मला लिहायचे आहे ते वडील गेल्यानंतरच्या काळाबद्दल.

त्यांच्या निधनानंतर नऊ महिने आईवडिलांच्या संयुक्त खात्यातून दरमहा पैसे जात राहिले. हे लक्षात आल्यावर मी सदस्यत्व रद्द करायला बसले. पहिल्याच पानावर ‘सदस्यत्व सुरू ठेवा’ असे ठळक रंगीत बटण होते आणि त्याखाली, बटण आहे असे वाटूही नये इतक्या फिकट राखाडी अक्षरांत, ‘तरीही पुढे जा’ अशी ओळ होती. दुसऱ्या पानावर सवलत देऊ केली होती. तिसऱ्यावर कारणांची यादी होती. तीत मृत्यू हे कारण नसल्यामुळे मला ‘इतर’ निवडावे लागले. चौथ्या पानावर कळले की शेवटची पायरी फक्त फोनवर आणि तीही कार्यालयीन वेळेतच पूर्ण होते. सदस्य होताना वडिलांना एकच बटण दाबावे लागले होते.

फोनवरच्या प्रतिनिधी सौजन्याने बोलल्या. “मॅडम, हे सगळे अटींमध्ये लिहिलेले आहे आणि कायद्याला धरूनच आहे,” असे त्या म्हणाल्या. नंतर मी अटी शब्दन् शब्द वाचल्या. त्यांचे म्हणणे खरे होते. मात्र कायदा मोडला का, असे मी विचारलेच नव्हते. कोणत्या पुस्तकाच्या कितव्या मिनिटाला वडील थांबले हे ज्या यंत्रणेला अचूक ठाऊक आहे, तिला नऊ महिन्यांत खाते एकदाही उघडले गेले नाही हेही दिसत असणारच. मग एकदाही चौकशी का केली नाही, एवढेच मला विचारायचे होते.

प्रत्येक ग्राहकाच्या नीतिकल्पनेप्रमाणे व्यवसाय चालवता येत नाही आणि कायदा ही सर्वांना सारखी लागू होणारी मोजपट्टी आहे, हा युक्तिवाद मी समजू शकते. करार पाळण्यालाही नैतिक मोल असतेच. परंतु ही मोजपट्टी स्वतःच बदलत असते. जर्मनीमध्ये संकेतस्थळावर करता येणारे, सदस्यत्वासारखे सतत चालू राहणारे करार रद्द करण्यासाठी सहज सापडणारे बटण देणे १ जुलै २०२२ पासून बंधनकारक झाले. ग्राहकाला अडकवून ठेवणारी जी रचना ३० जूनला नियमात बसत होती, ती दुसऱ्या दिवशी बसेनाशी झाली. त्या एका रात्रीत ग्राहकाची अडचण मात्र तसूभरही बदलली नव्हती. अशा फसव्या रचनांना संकेतस्थळांच्या रचनेचे जाणकार हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्येच ‘डार्क पॅटर्न’ असे नाव दिले होते. चूक ओळखली गेली ती आधी, कायदा आला तो नंतर.

कायद्याची वाट न पाहताही नीट वागता येते. सदस्य झाल्यापासून वर्षभर काहीही न पाहिलेल्यांना ‘सदस्यत्व ठेवायचे आहे का’ असे विचारू आणि उत्तर न आल्यास ते रद्द करू, असे नेटफ्लिक्सने मे २०२० मध्ये जाहीर केले होते. सदस्य परत आल्यास त्याच्या आवडीनिवडी दहा महिने जपून ठेवण्याचीही तयारी त्यांनी दाखवली होती. म्हणजे नोंदी पाहून ग्राहकाला विचारणे शक्य आहे. या सेवेने ते केले नाही.

दोन पत्रांनंतर कंपनीने एका महिन्याचे पैसे ‘सद्भावना म्हणून’ परत केले. उरलेल्या आठ महिन्यांबद्दल पुन्हा अटींकडेच बोट दाखवले. पुस्तकांसाठी मी या सेवेला पाचपैकी चार गुण देईन आणि ग्राहकाशी वागण्यासाठी एक. घरातील वयस्कर व्यक्तीसाठी ती घेणार असाल, तर नूतनीकरणाची सूचना स्वतःच्या ईमेलवर येईल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करून ठेवा. खाते बंद करण्यापूर्वी मी ते शेवटचे उघडले, तेव्हा वडिलांचे पुस्तक अकराव्या प्रकरणात थांबलेले होते आणि खाली ‘२२ मिनिटे शिल्लक’ असे लिहिलेले होते.