रेल्वे इंजिनाचं थ्रीडी मॉडेल घेताना मला कशी शेंडी लावली

हे लिहायला दोन महिने लागले, आधी राग होता मग लाज वाटत होती. आता दोन्ही थोडं थोडं शिल्लक आहे, पण तोच माणूस नवीन नावाने परत विकायला बसलाय हे कळलं म्हणून लिहूनच टाकते.

मी हौस म्हणून पोझर आणि डॅझ स्टुडिओ या, तयार थ्रीडी मॉडेल मांडून चित्र बनवायच्या सॉफ्टवेअरमधे चित्रं करते. माणसं, कपडे, केस, खोल्या यांचा त्या दुनियेत नुसता सुकाळ आहे आणि रेल्वेचा कायमचा दुष्काळ. इंजिन शोधायला जा, एकतर खेळण्यातलं वाटेल असं काहीतरी मिळतं नाहीतर दुसऱ्याच कुठल्या सॉफ्टवेअरसाठी केलेलं, मग ते आपल्याकडे आणायचं म्हणजे स्केल, टेक्श्चर (मॉडेलवर चिकटवलेली चित्रं), उलटे पडलेले नॉर्मल (पृष्ठभागाची बाहेरची बाजू कुठली ते सांगणारी दिशा) सगळ्यांशी मारामारी. मला हवं होतं जर्मनीचं 01 क्लासचं वाफेचं इंजिन. का, तर त्याची चाकं. मधल्या तिन्ही जोड्यांच्या चाकांचा व्यास 2000 मिलिमीटर, म्हणजे चक्क दोन मीटर. त्या लाल चाकाला टेकून एक बाई उभी आहे आणि चाक तिच्यापेक्षा उंच आहे हे चित्र डोक्यात कित्येक दिवस घोळत होतं.

एका गृहस्थाने आपणहून मेसेज केला की माझ्याकडे आहे. स्वतः बनवलंय, पहिल्या रेषेपासून, पोझरसाठी रिग केलेलं म्हणजे भाग हलवता येतील असं जोडलेलं, एक डायल फिरवला की चाकं, रॉड सगळं फिरतं. सोबत चार प्रिव्ह्यू पाठवले आणि खोटं कशाला बोलू, मी भाळले. चाकाची प्रत्येक आरी गोलसर, रॉडवर तेलाचे डाग, अहाहा. मी विचारलं पण होतं की कुठल्या गेममधून तर काढलेलं नाही ना, तर तो चक्क रागावला, म्हणे कलाकाराला असं विचारतात का. मग मीच सॉरी म्हटलं!

पैसे कुठल्या दुकानातून नको म्हणाला कारण दुकानवाले कमिशन कापतात. ओळखीच्या माणसाला किंवा घरच्यांना पैसे पाठवायचा जो वेगळा पर्याय असतो ना, त्यातून पाठव, म्हणजे मला पूर्ण मिळतील आणि तुला पण स्वस्त पडेल. मी पाठवले. त्या पर्यायात माल खराब निघाला तर पैसे परत मागायची सोय नसते हे मला माहीत होतं. माहीत असून पाठवले, त्यामुळे तिथे दोष माझाच.

झिप उघडली तर आत एक ओबीजे (मॉडेलचा नुसता आकार), एक एमटीएल (मटेरियलची यादी) आणि टेक्श्चरचं फोल्डर, बस. रिग केलेली फिगर म्हणजे सीआर2 फाइल हवी ना, ती नाहीच. रिगिंग पुढच्या अपडेटला येतंय म्हणाला. बरं. पोझरमधे आणलं तर चाकं म्हणजे काळ्या थाळ्या, आऱ्यांच्या मधे जिथून पलीकडचं दिसायला हवं तिथे ठार काळं. बॉयलरवर विचित्र काळे चट्टे, कॅमेरा हलवला की चट्टे पण हलतात. त्याला दाखवलं तर उत्तर आलं की तुमच्या रेंडर सेटिंगमधे, म्हणजे शेवटचं चित्र काढायच्या सेटिंगमधे, गडबड आहे. आणि मी बिचारी आठवडाभर दिवे बदलतेय, मटेरियल बदलतेय, सावल्या बंद करून बघतेय.

पुढचं सांगताना मला स्वतःलाच कपाळावर हात मारावासा वाटतो. तो म्हणाला पोझरमधे असं होतंच, थोडे पैसे वर द्या, मी डॅझसाठी खास कन्व्हर्ट करून देतो. आणि मी दिले. दुसऱ्यांदा. ती "खास" फाइल उघडली तर सीनमधे काहीच दिसेना. मग फिगरच्या पायाशी झूम केलं तेव्हा बोटाएवढं इंजिन सापडलं, म्हणजे अगदीच बोटाएवढं नाही, साधारण 24 सेंटीमीटर. खरं इंजिन जवळजवळ 24 मीटर लांब असतं. डॅझमधे एक युनिट म्हणजे एक सेंटीमीटर आणि मॉडेल बनवायच्या ब्लेंडर सॉफ्टवेअरमधे एरवी एक युनिट म्हणजे एक मीटर, त्यामुळे ब्लेंडरमधून काहीही न बदलता ओबीजे काढली की बरोबर शंभर पट लहान होऊन येते. इम्पोर्ट करताना स्केलच्या खान्यात एक आकडा टाकायचं काम होतं आणि तेवढंही न करता याने त्याचे वेगळे पैसे घेतले.

तिथे माझं डोकं फिरलं आणि जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, एमटीएल फाइल नोटपॅडमधे उघडली. ती साधी टेक्स्ट फाइल असते, कुठल्या मटेरियलला कुठलं चित्र लावायचं एवढंच त्यात लिहिलेलं असतं. कन्व्हर्ट करणारा आळशी असेल तर त्याच्या कॉम्प्युटरवरचा पूर्ण पत्ता तसाच राहतो. इथे राहिला होता. डाउनलोड्स, मग ट्रेन्स, मग ट्रेनसेट, आणि शेवटी चित्राच्या नावापुढे एसीई. ज्यांनी मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर हा रेल्वे चालवायचा गेम कधी वापरलाय त्यांना इथेच हसू येईल. 2001 सालचा तो सिम्युलेटर गाड्या ट्रेन्सच्या आतल्या ट्रेनसेट फोल्डरमधे ठेवतो आणि त्याची टेक्श्चर एसीई फॉरमॅटमधे असतात.

मग ब्लेंडरमधे भागांची नावं बघितली. मेन, बोगी1, व्हील्स11, व्हील्स12. हौशी माणूस स्वतःच्या मॉडेलला अशी नावं कशाला देईल? ती नावं त्या सिम्युलेटरला लागतात, तशीच दिली तरच त्याला कळतं की काय फिरवायचं आणि काय वळवायचं. आता काळ्या थाळ्यांचं कोडं पण सुटलं. जुन्या गेममधे पॉलिगॉन (आकार ज्यांचा बनतो ते छोटे तुकडे) वाचवायला आऱ्या मुळी बनवतच नाहीत, एका सपाट चकतीवर आऱ्यांचं चित्र चिकटवतात आणि मधली जागा चित्रातल्या अल्फाने, म्हणजे पारदर्शकतेच्या माहितीने, आरपार करतात. या पठ्ठ्याने एसीईचं जेपीजी केलं, जेपीजीत अल्फा राहत नाही, झालं, सगळं काळं. आणि ते हलणारे चट्टे? गेमसाठी एकाच गाडीच्या तीन-चार आवृत्त्या असतात, जवळून बघायची बारीक, लांबून बघायची ढोबळ. याने सगळ्या एकदम काढल्या, त्यामुळे माझ्याकडे एकात एक घुसलेली तीन इंजिनं होती आणि त्यांचे पृष्ठभाग एकमेकांशी भांडत होते.

म्हणजे प्रिव्ह्यूतलं इंजिन हे नव्हतंच. ते चित्र भलत्याच कुणाचं तरी.

तरी मनात म्हटलं एक संधी देऊ. त्याला विचारलं की चाकं तुम्ही बनवलीत ना, मग डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँकमधे, म्हणजे रॉड चाकाला जिथे जोडतात त्या जागांमधे, किती अंशाचा फरक ठेवलाय? उत्तर आलं, सेम आहे, दोन्हीकडे सारखंच, मिरर केलंय. दोन सिलिंडरच्या इंजिनात दोन्ही बाजू 90 अंशांनी मागेपुढे ठेवतात, कारण सारख्या ठेवल्या तर दोन्ही पिस्टन एकदमच टोकाला जाऊन अडकतील आणि तिथे थांबलेलं इंजिन जागचं हलणारच नाही. ज्याने ते रॉड हाताने एकेक बसवलेत त्याला हे झोपेत विचारलं तरी सांगता येतं. गंमत म्हणजे त्याने विकलेल्या मॉडेलमधे ते 90 अंश बरोबर होते, फक्त विकणाऱ्याला माहीत नव्हते. त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं.

फोल्डरच्या नावावरून शोधत शोधत मूळ मॉडेल सापडलं. फुकट होतं. सोबतच्या रीडमीत स्पष्ट लिहिलेलं की सिम्युलेटरमधे खुशाल वापरा, विकू नका, विचारल्याशिवाय कन्व्हर्ट करून वाटू नका. म्हणजे माझ्या पैशाने एका भल्या माणसाची मेहनत चोराने विकली होती, आणि मी तोपर्यंत दोन चित्रं टाकून खाली त्या चोराचं नाव कौतुकाने लिहिलं होतं. ती चित्रं काढली. मूळ माणसाला मेल केला, तीन आठवड्यांनी दोन ओळी आल्या, स्वतःच्या चित्रांपुरतं वापर, फाइल पुढे देऊ नकोस. त्याच्या जागी मी असते तर एवढं पण दिलं नसतं.

आता मी पैसे देण्याआधी वायरफ्रेमचा, म्हणजे मॉडेलच्या नुसत्या रेषांच्या जाळीचा, फोटो मागते, तोही चाकाच्या जवळून, आणि भागांच्या यादीचा स्क्रीनशॉट. खरा बनवणारा खुश होऊन दहा पाठवतो. मॉडेल स्केचफॅब या थ्रीडी मॉडेलच्या साइटवर असेल तर विचारायची पण गरज नाही, तिथल्या मॉडेल इन्स्पेक्टरमधे वायरफ्रेम आपली आपण बघता येते. फाइल आल्यावर सगळ्यात आधी दोन रुळांमधलं अंतर मोजते, स्टँडर्ड गेजला 1435 मिलिमीटर यायला हवं, रूळ नसतील तर चाकांच्या कडांवरून अंदाज येतो, आणि तेवढं जुळलं की बाकी स्केल आपोआप जुळतं. फुकटच्या मॉडेलचं लायसन्स पण वाचते आता, आधी कोण वाचत होतं! आणि घरच्यांना पैसे पाठवायचा पर्याय घरच्यांसाठी.

माझं चित्र अजून अर्धवटच आहे. बाई तयार आहे, चाक मीच बनवतेय, सात आऱ्या झाल्यात आणि आठवी वाकडी आलीय.

हां, ओळखायची खूण. त्याने आता तेच चोरलेले प्रिव्ह्यू आडवे फ्लिप करून टाकलेत, बहुतेक इमेज सर्चमधे सापडू नयेत म्हणून. इंजिनाच्या तोंडावरची नंबर प्लेट मोठी करून बघा, आकडे उलटे आहेत.