बादली भरत होती, तरी मी गॅसचे ३,८५० रुपये दिले

आधी आकडे. व्हिजिट ४९९, ‘गॅस चार्जिंग’ ३,८५०, ‘अँटी व्हायब्रेशन किट’ २,६००, कॉम्प्रेसरचा अ‍ॅडव्हान्स ४,५००. एकूण ११,४४९ रुपये. मशीन डीह्युमिडिफायर, म्हणजे खोलीतल्या हवेतली ओल काढणारं, १७,९९० चं. तक्रार एवढीच की रात्री घुंई आवाज येतो आणि मध्येच खडखडतं. ती घालवायला शेवटी लागले २७० रुपये आणि एक दुपार.

नंबर कुठून मिळाला हे सांगायची लाज वाटते. कंपनीचं नाव आणि पुढे ‘कस्टमर केअर पुणे’ असं टाकून शोधलं आणि पहिला आला तो लावला. वॉरंटी कार्ड कपाटातच होतं. नंबर कार्डावरून घ्यायचा नाहीतर मशीनच्या मागच्या पट्टीवरून. बाकी कुठूनही नाही.

माणूस तासाभरात हजर. टी-शर्टवर लोगो, पाठीला बॅग, ‘काका, काका’ करत. मशीन चालू करून दहा सेकंद कान लावला आणि म्हणाला, गॅस कमी झालाय, म्हणून कॉम्प्रेसर ओरडतोय. मग मशीन हलवण्याआधी त्याने बादली बाहेर काढली. काठोकाठ भरलेली, तीन लिटर. ‘पाणी पण बरंच धरलंय, काका’ म्हणत ती त्यानेच मोरीत नेऊन ओतली. मी दिवा धरून उभा होतो.

इथेच कळायला हवं होतं. गॅस उतरलेलं मशीन पाणी धरत नाही. आत गार कॉइल असते, खोलीतली दमट हवा तिच्यावरून जाते, दव धरतं, ते बादलीत टपकतं. गॅस कमी पडला की कॉइलची पहिली दोन-तीन वेटोळी तेवढी गार होतात, तिथे बर्फ साचतो आणि उरलेली कॉइल कोरडी राहते. बादलीत पाणी जेमतेम येतं. आवाजाचा आणि गॅसचा तसा फार संबंधच नाही. रात्रभरात तीन लिटर भरून मशीन फ्लोटने (बादली भरल्यावर वर येणाऱ्या तरंगत्या बटणाने) आपोआप बंद पडत होतं, म्हणजे गॅस ठणठणीत होता. गॅस कमी म्हणत त्यानेच माझ्यासमोर भरलेली बादली ओतली आणि मी मान डोलावली!

दुसरी खूण काट्याची. मागच्या पट्टीवर छापलेलं होतं: आर-१३४ए, १४० ग्रॅम. एवढासा गॅस वजन करूनच भरावा लागतो, वीस-तीस ग्रॅम इकडेतिकडे झाला तरी बिघाड. त्याच्याकडे वजनकाटा नव्हता. मंडईत पाव किलो भेंडी घेतानाही काट्यावरची नजर हटत नाही आमची. शिवाय व्हॅक्यूम पंप नाही, ब्रेझिंगचा टॉर्च (तांब्याची नळी जोडायची ज्योत) नाही. या मशीनला गाडीच्या एसीसारखा व्हॉल्व्ह नसतो. कॉम्प्रेसरमधून निघालेली एक तांब्याची नळी कारखान्यातच चेपून बंद केलेली असते. गॅस भरायचा तर ती कापायची, व्हॉल्व्ह जोडायचा, गळती शोधायची, निदान अर्धा तास आतली हवा ओढून व्हॅक्यूम करायचं आणि मग काट्यावर मोजून भरायचं. त्याचं सगळं बारा मिनिटांत उरकलं. त्यातली पाच मिनिटं त्याने मला ‘कोमट पाणी आणि फडकं’ आणायला स्वयंपाकघरात पाठवलं होतं. तिथून मला ‘फस्स’ असा आवाज ऐकू आला, तेवढंच माझं गॅस चार्जिंग. नंतर मशीन उघडलं तेव्हा नळीचं चेपलेलं टोक कारखान्यातून आलं तसंच होतं, त्यावरचा रंगसुद्धा खरवडलेला नव्हता.

तुम्ही म्हणाल, यातलं एवढं कळतं तर पैसे कसे दिले? कारण आवाज खरंच कमी झाला होता. मोबाइलवरच्या अ‍ॅपने एक मीटरवरून आधी ५८ डेसिबल दाखवले होते, नंतर ५२. (अ‍ॅपचा आकडा खरा धरू नका, पण त्याच जागेवरून आधी-नंतरचा फरक कळायला पुरतो.) सहा डेसिबल म्हणजे कानाला चांगलाच फरक. तो पडला कशाने? मशीन लाकडी टीपॉयवर, कपाटाला टेकून होतं, त्याने ते खाली घडी घातलेल्या सतरंजीवर ठेवलं होतं. बस. पोकळ लाकडावर कॉम्प्रेसर ठेवला की टीपॉयचाच ढोल होतो. चार दिवसांनी फरशी पुसताना सतरंजी निघाली आणि आवाज परत आला.

मग तोच माणूस पुन्हा, आता ‘किट’ घेऊन. पॅनेलच्या आतून काळा फोम चिकटवला आणि कॉम्प्रेसरचे नट करकचून आवळले. ही दोन्ही कामं उलटी आहेत, म्हणून नीट वाचा.

कॉम्प्रेसर तीन किंवा चार रबरी ग्रॉमेटवर, म्हणजे जाड कड्यांवर, तरंगता बसवलेला असतो. हाताने ढकलला तर किंचित डुलला पाहिजे. नट आवळून रबर चेपलं की सगळं कंपन थेट पत्र्यात उतरतं. आणि फोमने हवेच्या जाळ्या अर्ध्या झाकल्या, तर गरम हवा बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर तापतो, ओव्हरलोड (तापल्यावर वीज तोडणारा स्विच) त्याला बंद करतो, थंड झाला की पुन्हा चालू. दर सात-आठ मिनिटांनी टक्, घुर्र, टक्. त्यावर उत्तर आलं, ‘कॉम्प्रेसर गेला, काका. ४,५०० अ‍ॅडव्हान्स टाका.’ टाकले. संध्याकाळपासून फोन बंद.

पावतीवर ‘जीएसटी १८ टक्के’ लावलेला, ३,२६३ चे ३,८५०. जीएसटी क्रमांक मात्र नाही. लहान धंद्याला नोंदणी नसू शकते, पण मग कर लावता येत नाही. कर लावलाय तर पंधरा अक्षरी क्रमांक हवाच, महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. पैसे देण्याआधी बघा, मी नंतर बघितला.

आता दाद मागायची गोष्ट. चौकीत गेलो. ‘माणूस घरी आला होता ना? मग हे सायबर नाही.’ सायबरवाले म्हणाले, ‘घरी आला होता तर चौकीत जा.’ पुन्हा चौकी. ‘काम केलं, पण नीट केलं नाही, हा ग्राहकाचा मामला.’ मी म्हटलं, काम केलंच नाही, नळीचा फोटो बघा. फोटो उलटा धरून बघितला. चारशेवीस म्हणालो तर आता कलम ३१८ आहे, अशी दुरुस्ती तेवढी तत्परतेने केली. अर्ज घ्यायला दीड तास, पोच द्यायला ‘साहेब राउंडला’. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीचा. इथे नियमच तसा आहे: रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं संरक्षण संमतीशिवाय गेलेल्या पैशांना आहे, भोळेपणाने स्वतः दिलेल्यांना नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची, हे सगळं छान, पण अर्जात समोरच्याचा पत्ता द्यावा लागतो. पावतीवर पत्ता आहे ‘पुणे’. आणि खऱ्या कंपनीचं म्हणणं, बाहेरच्या माणसाने मशीन उघडलं, वॉरंटी संपली. म्हणजे चोर सोडून सगळ्यांकडे नियम आहे.

पैसे गेले त्याच तासात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, पुढच्या खात्यात रक्कम अडली तर अडते. माझे चार दिवस ‘उद्या येईल’ म्हणण्यात गेले. वस्तू किंवा सेवेची तक्रार १९१५ ला, ती ग्राहक हेल्पलाइन. अ‍ॅडव्हान्स कुणालाही नाही, जुना पार्ट हातात पडल्याशिवाय पैसे नाहीत.

आवाजाचं आता घ्या, म्हणजे तुम्हाला असा कुणी बोलवावाच लागणार नाही. मशीन नुसतं फॅनवर चालवा. आवाज राहिला तर दोष पंख्याचा किंवा जाळीचा, गेला तर कॉम्प्रेसरचा. मग चालू मशीनच्या एकेका पॅनेलवर तळहात दाबा. ज्याच्यावर दाबल्यावर खडखड थांबते, तोच स्क्रू ढिला. बादली जरा ओढून पाहा, निम्म्या वेळा तीच वाजत असते. फिल्टर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुवा. धूळ बसली की पंखा घरघरतो आणि कॉइलवर बर्फ धरतो.

माझ्या मशीनमध्ये दोन गोष्टी निघाल्या: एक ग्रॉमेट फाटलेलं आणि तांब्याची नळी पत्र्याला घासत होती. प्लग काढा, कपॅसिटरला हात लावू नका. चार ग्रॉमेट मापाचे, नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात, १२० रुपये. पेट्रोल पाइपचा पाच सेंटिमीटरचा तुकडा उभा चिरून नळीवर चढवला आणि प्लास्टिकच्या टायने बांधला, ३० रुपये. कडप्प्याचा दीड फूट बाय एक फूट तुकडा फुकट मिळाला, त्याखाली चार रबरी पॅड, १२० रुपये. थर्माकोल चालत नाही, मऊ फोम दबून जातो. भिंतीपासून एक फूट जागा सोडा. मशीन आडवं केलं असेल तर उभं करून २४ तास थांबा, तेल कॉम्प्रेसरमध्ये उतरू द्या. पट्टीवर आर-२९० असेल तर तो गॅस पेटतो, तिथे ज्योतीचा टॉर्चवाला कुणीही नको. आवाज दाबायला मशीन पेटीत कोंडायचा मोह होईल, कोंडू नका, ओव्हरलोडचं टक्-घुर्र मी ऐकलंय.

खोक्यावर ‘४२ डेसिबल’ लिहिलेलं असतं ते बहुधा सगळ्यात मंद पंख्यावरचं. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत, उघड्या फरशीवर, तेवढं कधीच नसतं. कॉम्प्रेसरचं मशीन निःशब्द होणार नाही. पेल्टियरची (कॉम्प्रेसर नसलेली) छोटी मशीनं शांत असतात, पण दिवसाला अर्धा लिटर पाणी काढतात, जुलैत तळमजल्याच्या ओलीपुढे त्यांचं काही चालत नाही. त्यापेक्षा मशीन पॅसेजमध्ये ठेवा, खिडक्या बंद, आर्द्रतेचं सेटिंग ५५ ते ६० टक्के, आणि संध्याकाळी चार तास चालवून झोपताना बंद करा. ४५ वर लावलंत तर पुण्याच्या पावसात ते थांबणारच नाही.

कॉम्प्रेसर, जो ‘गेला’ होता, तोच चालू आहे. फोम खरवडून काढायला अडीच तास लागले, स्पिरिटने. अ‍ॅपवर ४९ दिसतात. बादली काल रात्री पुन्हा काठोकाठ होती.