‘तुमचं हॉटेल बंद आहे’ असं सांगणारा माणूस

हा प्रकार जुना आहे, पण आजही सफाईने चालतो, कारण त्यात सापडलेले लोक सहसा कुणाजवळ बोलत नाहीत. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. टूर कंपनीशिवाय, स्वतः आखणी करून फिरणाऱ्यांनी आणि विशेषतः वयस्कर आईवडिलांना बरोबर नेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आई आणि मी परदेशातल्या एका मोठ्या शहरात रात्री उशिरा पोहोचलो. हॉटेल आधीच बुक केलं होतं, पैसे तिथे गेल्यावर द्यायचे होते. स्टेशनबाहेर टॅक्सीच्या रांगेकडे जात असताना एक नीटनेटका, मध्यमवयीन माणूस पुढे आला. आईच्या हातातली बॅग त्याने अदबीने घेतली, भाडं सांगितलं. भाडं वाजवी होतं, आणि ते वाजवीच असतं, कारण या लोकांची कमाई भाड्यात नसतेच. बॅगा त्याने डिकीत ठेवल्या.

गाडी सुरू झाल्यावर त्याने हॉटेलचं नाव विचारलं. थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “ते हॉटेल कालपासून बंद आहे. पाण्याची लाइन फुटलीय, सगळे पाहुणे दुसरीकडे हलवलेत.” मी फोनवरचं बुकिंग दाखवलं. त्यावर तो जे म्हणाला तिथेच या फसवणुकीची खरी मेख आहे. “माझ्यावर विश्वास ठेवू नका मॅडम, हॉटेललाच विचारा.” असं म्हणून त्याने स्वतःच्या फोनवरून नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडून एका बाईंनी हॉटेलचं नाव घेऊन नमस्कार केला. माझं नाव विचारलं, तारखा विचारल्या, मग म्हणाल्या, “हो, तुमचं बुकिंग दिसतंय. गैरसोयीबद्दल माफ करा, आमच्याच दुसऱ्या हॉटेलात तुमची खोली ठेवली आहे, दर तोच.” बोलणं इतकं व्यवस्थित होतं की शंकेला जागाच उरत नव्हती. पण त्या बाईंनी सांगितलेली एकूण एक गोष्ट त्यांना आधी मीच सांगितली होती. खऱ्या रिसेप्शनवर नुसतं आडनाव सांगितलं तरी समोरचा माणूस तारखा, खोलीचा प्रकार, किती जण आहेत हे स्वतःहून सांगतो.

त्या दुसऱ्या हॉटेलात ‘दर तोच’ कुठल्या कुठे गेला. आज फक्त मोठी खोली शिल्लक आहे, पैसे सगळ्या मुक्कामाचे आगाऊ, आणि तेही आत्ताच. मध्यरात्र उलटून गेलेली, आई सोफ्यावर बसल्या बसल्या पेंगत होती. तिच्याकडे एकदा बघून काउंटरवरचा माणूस मला म्हणाला, “त्यांना फार दमवू नका.” त्या वाक्याची चीड मला अजून येते. म्हातारं माणूस बरोबर असलं की आपण लवकर हो म्हणतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. कार्डाच्या मशीनवर रक्कम स्थानिक चलनात घ्यायची की आपल्या, असा प्रश्न येतो. तिथलं बटण त्याने स्वतःच दाबलं. आपलं चलन निवडलं की विनिमयाचा दर बँकेऐवजी मशीनमागची कंपनी ठरवते, आणि तो बहुतेक वेळा महागात पडतो. तो निर्णय कार्डधारकाचा असतो, म्हणून मशीन स्वतःच्या हातात मागून घ्या आणि स्थानिक चलन निवडा.

सकाळी मी बुकिंगच्या ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन केला. आमची खोली रात्रभर तयार होती. पाण्याची लाइन वगैरे काही फुटलेली नव्हती. उलट आम्ही आलो नाही म्हणून नियमाप्रमाणे एका रात्रीचे पैसे लागू झाले होते. तिथे गेल्यावर रिसेप्शनवरच्या मुलीने हकिगत ऐकली आणि ते पैसे माफ केले. असे पाहुणे आमच्याकडे अधूनमधून येतात, ती म्हणाली. टॅक्सीवाल्याला दुसऱ्या हॉटेलकडून खोलीमागे वाटा मिळतो आणि फोनवरचा आवाज त्याच्याच साथीदाराचा असतो.

हॉटेल आणि आपल्यामध्ये तिसरा माणूस उभा राहिला की हे सगळं शक्य होतं. म्हणून हॉटेलशी बोलायचं ते आपल्याच फोनवरून, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. तो नंबर बुकिंगच्या ईमेलमधून निघण्याआधीच उतरवून ठेवा. ऐनवेळी इंटरनेटवर शोधू नका, कारण नकाशांवरचे नंबर बदलण्याची सूचना कुणीही पाठवू शकतं आणि त्यात खोटे नंबर घुसतात. शहराचा नकाशाही फोनमध्ये उतरवून घ्या. इंटरनेट नसलं तरी जीपीएस चालतं आणि गाडी कुठल्या दिशेला वळली ते कळतं. शक्य तेवढं सामान सीटवर जवळ ठेवा. बॅगा डिकीत अडकल्या की मधेच उतरणं अवघड होतं.

हाच डाव आता घरबसल्याही खेळतात. हॉटेलच्या कर्मचाऱ्यांना पाहुण्याच्या नावाने ईमेल येतो, त्यातली फाइल उघडली की हॉटेलचं लॉगिन चोरांच्या हाती जातं. मग बुकिंगच्या खऱ्याखुऱ्या ॲपमधून, तुमचं नाव आणि तुमच्या तारखा घालून संदेश येतो: कार्डाची पडताळणी ताबडतोब करा, नाहीतर बुकिंग रद्द होईल. खाली एक लिंक. ॲप खरं, माहिती खरी, त्यामुळे सावध माणूसही लिंक दाबतो. काही ठिकाणी रात्री खोलीतला फोन वाजतो, “रिसेप्शनवरून बोलतोय, मशीन बिघडलं, कार्डाचा नंबर पुन्हा सांगा.” असा फोन आला तर ठेवून द्या आणि स्वतः खाली जाऊन विचारा.

पैशांचं काय झालं तेही सांगते. बँकेकडे व्यवहाराविरुद्ध तक्रार केली. जिथे आम्ही झोपलो त्या रात्रीचे पैसे परत मिळाले नाहीत, कारण सेवा घेतल्याचं हॉटेलने दाखवलं. पुढच्या, न वापरलेल्या रात्रींचे मिळाले, आणि त्यासाठी खऱ्या हॉटेलच्या त्या मुलीने लिहून दिलेलं पत्र उपयोगी पडलं: खोली उपलब्ध होती, हॉटेलकडून कुणालाही फोन गेला नव्हता. असं पत्र त्याच दिवशी मागून घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. पोलिसांनी तक्रार नोंदवताना पहिला प्रश्न गाडीच्या नंबरचा विचारला होता. म्हणून टॅक्सीत बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढा आणि चालकाच्या देखत तो घरच्यांना पाठवा.